पहिला ठिपका ३१२ वर

मोरबी
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असते ते मले येत नाई. शाळा आपली हिंदी, मराठी अक्षरं तर तूच गिरवून घेतली होती, पाटीवर अन् मंग बाबाच्या जुन्या ड्यूटी-कागदांच्या मागं. म्हणून चुका दिसल्या तर लाल पेन घेऊन बसू नको. आधी पूर्ण वाच.

फोन तू घेत नाई. दुसऱ्याच्या नंबरवरून केला तरी माहा 'हॅलो' ऐकून कापते. बरोबरच करते. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीतला माणूस म्हणे, "चिठ्ठी? घर पे फोन नहीं है क्या?" म्हटलं, फोन आहे, हिंमत नाई. तो हसला. त्याले वाटलं मी मजाक करून राहिलो.

मी इथं टाईल्सच्या कारखान्यात आहे. पट्ट्यावरून टाईल येते, वर ट्यूबलाईट, मी वाकून पाहतो. कोपरा तुटला का, रंग उडाला का. खराब असली की खडूनं फुली मारायची. तिकडं हातखोजच्या इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंगच्या शॉपमध्ये होतो त्यापेक्षा बरं आहे, डोळे जळत नाई. खोलीत आम्ही चार जण. आनंद म्हणून बालाघाटकडचा एक आहे, तो पोळ्या करते, मी भाजी.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा लांबवायची माही सवय तुले माहीतच आहे.

तुह्या कम्प्युटरच्या प्रयोगात जे झालं ते माह्या हातून झालं. तुले शंका होतीच. तू विचारलं तेव्हा मी गणपतीची शपथ घेऊन म्हटलं होतं का मी हात बी नाई लावला. ती शपथ खोटी होती.

तो प्रयोग मले अजून पाठ आहे. तू पोळ्या लाटता लाटता समजावला होता. परातीत पीठ पसरून मधात कणकेची भिंत उभी केली, तिले दोन फटी ठेवल्या. म्हणे, वटाणे फेकले तर पलीकडं दोन ढीग होतील. पण इलेक्ट्रॉन फेकले तर दोन ढीग नाई, पट्टे पडतात. एक उजळ, एक काळा, एक उजळ, एक काळा. अन् एका वेळेले एकच सोडला तरी. मी म्हटलं, "म्हणजे मागचा पुढच्याले विचारून जाते का, तू कुठं पडला म्हणून?" तू म्हणे, "नाई रे माकडा. कोणी कोणाले विचारत नाई. प्रत्येक जण एकटाच जाते, कुठं पडणार ते त्याले बी माहीत नसते. पट्टे शेवटी दिसतात."

खरं यंत्र तुह्या कॉलेजात नव्हतंच, म्हणून तू ते कम्प्युटरच्या आत बनवलं. फटी आत, पडदा आत, इलेक्ट्रॉन बी आत. आपला तो जुना कम्प्युटर एका इलेक्ट्रॉनले वीस सेकंद घेत होता. दिवाळीच्या माळेसारखं एक एक टिपकं पडे. पन्नास हजार पाडायचे होते. साडेअकरा दिवस एक मिनिट बंद नाई करायचा. आई त्याच्यापाशी अगरबत्ती बी लावू देत नव्हती.

मधात मावशीचं ऑपरेशन निघालं अन् तू चार दिवस नागपूरले गेली. जाताना म्हणे, "बबलू, तुले काहीच करायचं नाई. फक्त याले काही होऊ द्यायचं नाई."

शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली, ताई. कम्प्युटर बंद पडला. एक्केचाळीस हजार तीनशे सात ठिपके झाले होते. मी घाबरलो. बाकीचे मी माह्या हातानं भरले.

एवढंच सांगायचं होतं. लाईट गेली त्याले मी काय करणार होतो? पण भरायले नको होते, ते माहं चुकलं.

बाबाचा गुडघा कसा आहे? आई सांगते, तू सेक्टर दहामध्ये स्टील प्लांटच्या साहेबांच्या पोरांले ट्यूशन देते. चांगलं आहे. म्हणजे चांगलं नाई, मले माहीत आहे. मले दुसरा शब्द नाई सापडून राहिला.

तुहा
बबलू


मोरबी
२ मार्च २०२५

ताई,

पत्र वापस आलं. पाकिटावर 'लेने से इनकार' असं लिहून. फोडलं बी नाई तू. आनंद म्हणे, "भाई, मोहल्ले में इज़्ज़त है तेरी." मी हसलो, मंग नळावर जाऊन बराच वेळ भांडे घासत बसलो. घासलेलेच.

एका परीनं बरं झालं. त्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. लाईट गेली हे खरं, पण लाईट रोजच जाते आपल्या रुआबांधा वस्तीत. त्यासाठी तर इन्व्हर्टर होता. बाबानं ड्यूटीवर जाता जाता दर वेळेले त्याच्या बॅटरीत पाणी पाहायचं. मंग कम्प्युटर कसा बंद पडला, हे तू मले तेव्हाच विचारायले पाहिजे होतं. तू नाई विचारलं, कारण मी सांगतलंच नव्हतं का तो बंद पडला.

त्या शुक्रवारी आपल्या मंडळाच्या गणपतीपाशी तंबोला होता. नंबर मीच बोलणार होतो, दर वर्षीसारखा. सहा वाजता माईकवाल्याची बॅटरी बसली. शामसुंदरकाका, आपल्या मंडळाचे, डोक्याले हात लावून बसले. बायका तिकिटं घेऊन खुर्च्यांवर, पोट्टे बोंबलून राहिले. काका म्हणे, "आता बबल्या काय, बिना माईकचा बोंबलणार?" सगळे हसले. जिच्यासमोर मले हसं नको होतं ती चंदा बी होती तिथं. मी म्हटलं, "काका, माह्या घरी नवीन बॅटरी आहे, दीड तासासाठी आणतो."

आई आरतीच्या ताटाकडं होती. मी घरात गेलो, इन्व्हर्टरच्या वायरी काढल्या अन् बॅटरी खांद्यावर घेऊन आलो. येताना कम्प्युटरकडं पाह्यलं. टिपकं पडून राहिलं होतं. मनात म्हटलं, दीड तासात काय होते.

मी त्या दिवशी लय रंगात होतो. "आठ नंबर, आजीचा पाट! सत्तर अन् एक, जावयाले शेक!" लोक पोट धरून हसत होते. साडेसातच्या सुमारास लाईट गेली अन् आली. चार सेकंद, ताई. मांडवात कोणाच्या ध्यानात बी नाई आलं, मी बॅटरीवर बोलतच होतो. माह्या ध्यानात आलं. मी पुढचे तीन नंबर बोललो, मंग चौथा. कोणाचं तरी फुल हाऊस झालं तेव्हा उठलो.

घरी पडदा काळा होता.

कम्प्युटर चालू केला. तुही फाईल शाबूत होती. फक्त आकडे, एकाखाली एक. ४४०, २९६, ५०३. ठिपका पडद्यावर कुठं पडला तो आकडा. खाली दिसे का किती ओळी झाल्या. मले वाटलं, दहा दिवस मी पाहूनच राहिलो ना, कुठं ठिपके दाट पडतात, कुठं नाई पडत. मले येईल.

शनिवार सकाळपासून बसलो. उजळ पट्ट्यात जास्त, बाजूच्यात कमी, काळ्यात एक बी नाई. वेल्डिंगच्या शॉपात शिकलो होतो का टाक्या-टाक्यातलं अंतर एकसारखं पाहिजे, नाई तर उस्ताद कानाखाली द्यायचा. मी तसेच टाकले. एकसारखे. सातशे ओळी झाल्या अन् बोटं आखडली. मंग त्या सातशे उचलल्या अन् खाली चिकटवल्या. परत. परत. बारा वेळा. शेवटी जास्तीच्या कापल्या. पन्नास हजार पूर्ण.

चित्र काढून पाह्यलं तर तुह्या ठिपक्यांपेक्षा सुंदर दिसत होतं. खरं सांगतो, मले अभिमान वाटला. मी म्हटलं, ताईले आवडेल.

सोमवारी तू आली. चित्र पाह्यलं अन् माह्या डोक्यावर टपली मारली. "सांभाळलं रे माकडानं." आईले म्हणे, याले आज श्रीखंड दे. मी खाल्लं. दोन वाट्या.

मले इथं टाईल पाहता पाहता कळलं. संगमरवरासारखी टाईल निघते ना, ती रेषांची नसते. मशीन बारीक बारीक शाईचे थेंब टाकते. आमचा सुपरवायझर भिंग देते पाहायले. एकदा मशीनचं तोंड चोंदलं होतं अन् तोच डाग दर टाईलवर त्याच जागी येत होता. त्यानं मले दाखवलं, "देख, असली पत्थर में एक चीज़ दो बार नहीं होती. इसी से नकली पकड़ में आता है."

मी ती टाईल हातात घेऊन उभाच राहिलो. मागून पट्टा भरून गेला, शिव्या पडल्या.

तुहा प्रयोग तपासणाऱ्या कॉलेजातल्या मीनल मॅडमनं तुले हेच तर म्हटलं असेल. तेच सातशे आकडे बारा वेळा. अन् वरून तुह्या प्रयोगात दाखवायचं काय होतं, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेग थोडा थोडा वेगळा ठेवला तर बाजूचे पट्टे पुसट होतात. पुसट व्हायले पाहिजे होते, ताई. मी ते आखीव-रेखीव करून ठेवले. तुह्या दहा दिवसांची जी गोष्ट होती नेमकी तीच मी पुसली.

मॅडम तुले म्हणाल्या, शेवटचे खोटे आहेत तर पहिले खरे कशावरून? तू म्हटलं, मी परत चालवून दाखवते, ठिपक्यावर ठिपका तसाच येईल. पण त्यासाठी सुरुवातीचा नंबर पाहिजे होता, अन् तो कागद सापडला नाई. त्याचं काय झालं देव जाणे.

हे पत्र तरी घेजो.

बबलू


मोरबी
२३ मार्च

ताई,

दुसरं बी वापस आलं. हे तिसरं मी टाकणार नाई, लिहून ठेवतो फक्त.

आज दुपारी आईले शेजारच्या रीनाकाकूच्या फोनवर लावला. आई म्हणे, तू परत कुठंतरी अर्ज करून राहिली. रिसर्चचं आहे, पंधरा एप्रिल शेवटची तारीख, अन् जुन्या मॅडमची चिठ्ठी लागते. "मॅडम काही देत नाई रे," आई म्हणे. "भाग्यश्री दोन वेळा जाऊन आली. त्या म्हणतात, माह्याकडं तुहं जे काम आहे ते मी चांगलं कसं लिहू?"

मी बाबाचं विचारलं.

मंग आई मजेनं सांगायले लागली का बाबा आता आईलेच 'रद्दीवाली' म्हणते. घरात कागदाचा कपटा पडला तर ती फेकत नाई. दुकानाची चिठ्ठी, औषधाचं वेष्टन, बसचं तिकीट, सगळं पिशवीत. तीन पिशव्या झाल्या. "तुहा बाप मले म्हणते, भागाबाई, हे काय म्युझियम आहे का? म्हटलं असू द्या, कोणाचं काही कामाचं निघालं तर? एकदा झालं तेवढं पुरे."

एकदा झालं तेवढं पुरे, ती म्हणे.

मी नेटवर्क गेल्याचं सोंग करून फोन ठेवला. आनंद पोळ्या करत होता. म्हणे, "कौन मर गया?" म्हटलं कोणी नाई. तो म्हणे, "तो ऐसा मुँह क्यों?" मी त्याले सगळं सांगतलं. पहिल्यांदा कोणाले तरी पूर्ण सांगतलं. त्यानं पोळी तव्यावर जळू दिली. मंग म्हणे, "बहन नहीं पढ़ती ना तेरी चिट्ठी. माँ को लिख."

म्हटलं, आईले वाचता येत नाई.

तो म्हणे, "तो पढ़के कौन सुनाएगा उसको, गधे?"


मोरबी
३० मार्च २०२५, पाडवा

आई,

हे पत्र तुह्या नावानं आहे. ताईकडूनच वाचून घेजो, दुसऱ्या कोणाकडून नाई. ताई, तुले वाचायचं नसेल तरी आईसाठी वाच. मोठ्यानं वाच, मधात काही गाळू नको. गाळलेलं आईले कळते.

आई, तू बस. हातातलं काम ठेव.

तुले आठवते का, ताईचा तो कम्प्युटरवाला प्रयोग सुरू झाला तो दिवस? बुधवार होता, सकाळी सहा वाजता. बाबा यार्डातल्या रात्रपाळीहून आले होते, हातात डबा तसाच. ताई म्हणे, याले सुरुवातीले एक नंबर द्यावा लागते, त्या नंबरावरून तो सगळे पुढचे आकडे काढते. नंबर आपल्या मनानं नाई द्यायचा, नशिबानं निघाला पाहिजे. तंबोल्याची थैली माह्याकडंच होती. मी म्हटलं, चौघं एक एक गोटी काढू. ताई म्हणे, "हो, आपल्या घराचा नंबर." तू आधी देवाले हात जोडले अन् मंग काढली. बाबानं डबा खाली ठेवून काढली. मंग ताई, मंग मी.

ताईनं ते आकडे तंबोल्याच्या गुलाबी तिकिटाच्या मागं लिहिले. डिंक सापडला नाई तर तुह्या कपाळावरची टिकली काढून तिनं तो कागद कम्प्युटरच्या डब्ब्यावर चिकटवला. तू म्हणे, "बाई, नवी पाकिटात आहे ना, कपाळावरचीच कावून?"

ताई मले म्हणाली होती, हा कागद सांभाळजो, हा नंबर परत दिला का तोच खेळ पहिल्यापासून तसाच्या तसा होते, पहिला ठिपका पहिल्याच जागी. मले ते बरोबर समजलं होतं. लय बरोबर.

आता पुढचं. ताई, थांबू नको.

नोव्हेंबरात कॉलेजातून बोलावणं आलं अन् ताई घरी येऊन म्हणे, परत चालवून दाखवायचं, कागद कुठं आहे? कागद डब्ब्यावर नव्हता. आपण चौघांनी घर पालथं केलं. तू तांदळाचा डबा बी उपसला. बाबानं पलंग सरकवला, तेव्हाच त्याचा गुडघा पिरगाळला. ताईले फक्त तिचा स्वतःचा आकडा आठवत होता. बाबा म्हणे माहा सत्तेचाळीस होता, नाई तर चौऱ्याहत्तर. तू म्हणे मले कसं आठवेल रे, मी तर डोळे मिटून काढली. मले विचारलं तर मी म्हटलं, आठवत नाई. बाबाच्या आठवणीवर बी भरवसा नाई, म्हणून ताई हिशोब करून म्हणे का तिघांचे सगळे नंबर लावून पाहायचे तर पाच-साडेपाच महिने लागतील, अन् कॉलेजनं दिले होते सात दिवस.

तेव्हा मी बोललो. माह्याच तोंडातून निघालं, "टिकलीनं चिकटवला होता, सुटला असेल. आईनं झाडताना उचलून टाकला असेल."

ताई तुह्यावर किती ओरडली. तू झाडू हातात धरून उभी होती. म्हणे, "असेल माय, माह्याच हातून गेला असेल. मले दिसत नाई बारीक." तू ताईची माफी मागतली. तीन दिवस तिच्या मागं मागं फिरली, चहा घेऊन.

आई, कागद तू नाई झाडला.

तो माह्या खिशात होता. ताई नागपूरहून यायच्या आधीच, आकडे भरून झाल्यावर, मी तो काढून घेतला होता. मले भीती होती का तिनं परत चालवून पाह्यलं तर माहे भरलेले उघडे पडतील. घर पालथं घालत होतो ना आपण, तेव्हा मी बी शोधत होतो. तुह्यासोबत मीच तांदूळ उपसले. कागद माह्या शर्टाच्या खिशात, अन् मी तांदळात हात घालून.

फेकता बी आला नाई. दोन वेळा फेकायले काढला. एकदा दुर्गच्या पुलावर, एकदा गाडीत. तुही टिकली होती त्याच्यावर.

सातव्या दिवशी ताई म्हणे, बबलू, तू कॉलेजात माह्यासोबत चल, फक्त एवढंच सांग का मी नागपूरले गेली होती, तेव्हा कम्प्युटर चालूच होता. मी म्हटलं हो, आंघोळ करून येतो. अन् मागच्या दारानं निघालो, सीधा स्टेशन. अहमदाबादची गाडी उभी होती. ती दुसरीकडची असती तर दुसरीकडं गेलो असतो.

ताई एकटीच गेली असेल कॉलेजात. कोणता ड्रेस घातला होता, मॅडमसमोर बसू दिलं का उभंच ठेवलं, मले काहीच माहीत नाई. दीड वर्ष झालं, रोज पट्ट्यावर टाईल पाहता पाहता मी हेच पाहतो.

आई, त्या तीन पिशव्या रद्दीत देऊन टाक. तुह्या हातून काहीच हरवलं नव्हतं.

ताई, आता तुले.

या पाकिटात गुलाबी कागद आहे. टिकली तशीच आहे. एका कोपऱ्यात घामानं शाई पसरली म्हणून खाली परत लिहून देतो. आईचा आठ, बाबाचा त्रेसष्ट, तुहा एकाहत्तर, माहा एकोणतीस. त्याच क्रमानं, ०८६३७१२९. बाबाले सांग, सत्तेचाळीस बी नव्हता अन् चौऱ्याहत्तर बी नव्हता.

दुसरा कागद मीनल मॅडमसाठी आहे. त्यावर लिहिलं का एक्केचाळीस हजार तीनशे सात ओळी भाग्यश्री देवीदास यांच्या प्रोग्रामनं काढल्या, त्यापुढच्या आठ हजार सहाशे त्र्याण्णव मी हातानं टाकल्या, तिले न सांगता. तारखा, वेळ, बॅटरी, सगळं लिहिलं. हिंदीत लिहिलं, सही केली, अंगठा बी लावला. इथल्या सुपरवायझरची साक्षीची सही घेतली. तो वाचून म्हणे, "पक्का देगा ये?" अन् मंग सही करून कागद वापस दिला. आता तो मले भिंगाच्या कामावर ठेवत नाई. ते बी बरोबरच आहे.

पण माह्या शब्दावर मॅडमनं विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाई. माह्या शब्दाची किंमत तुमच्या घरात सगळ्यांले माहीत आहे. शब्दाची गरजच नाई. त्यांच्याकडं जुनी फाईल आहे. तू त्यांच्यासमोर बसून नंबर दे अन् एक एक ठिपका जुळव. शंभर जुळवायले अर्धा-पाऊण तास लागेल. जुळले तर तुहे खरे. पंधरा तारखेच्या आत हे पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकतो.

मी येऊ का नको ते तू सांगशील तसं. कॉलेजात उभं राहून बोलायले सांगतलं तर येईन, अन् या वेळेले पुढच्या दारानं. नको म्हटलं तर नाई येणार, विचारणार बी नाई. वापस आलेली दोन्ही पत्रं अन् एक न टाकलेलं यातच ठेवली आहेत. पहिल्यात मी खोटं लिहिलं, दुसऱ्यात अर्धं. ती फाडली तरी चालते. आई फाडू देणार नाई म्हणा.

कॉलेजात जायच्या आधी एकदा घरी चालवून पाहजो. कम्प्युटरवरची चादर काढ. इन्व्हर्टरले बॅटरी आहे का पाह्य. पहिला ठिपका कुठं पडला होता, आठवते? आपण चौघं पडद्याले डोळे लावून बसलो होतो, वीस सेकंद कोणी श्वास घेतला नाई, अन् तो पडला पार डावीकडं, काळ्या पट्ट्याच्या काठाशी, जिथं पडायची आशाच नव्हती. बाबा म्हणे, "हा आपल्या बबल्यावर गेला." किती हसलो होतो.

तीनशे बारा. फाईलची पहिली ओळ.

नंबर दे अन् वीस सेकंद थांब. तीनशे बारा आला, का दुसरा पडायच्या आधी आईले हाक मार. तिले वाचता येत नाई, पण तो ठिपका तिले दाखव.

बबलू